नाण्यावर कुणाचं नाव?

(डिलाईल रोडवर महिला गटांच्या एकदिवसीय अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पत्रिकेत 'मध्ययुगातली चांदीची नाणी' हा विषय वाचून दोघी-तिघींनी मला आधीच गाठलं. म्हणाल्या, बाई, इथे पुनर्विकासाचे करारनामे डोक्यावर आहेत, पोटगीचे दावे वर्षानुवर्षं लोंबकळताहेत, आणि तुम्ही जुनी नाणी काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. 'याचा आम्हाला काय उपयोग' हे मुलंही विचारायचीच.

माझं म्हणणं असं आहे. करारनामा, रेशनकार्ड, पासबुक, गहाणवटीची पावती, या सगळ्यांवर आपण जी भांडणं भांडतो ती नावाची भांडणं आहेत. कागदावर कुणाचं नाव लागतं, आणि नाव लागलं तरी वस्तू कुणाच्या हातात राहते, हा आपला रोजचा प्रश्न. नावात किती सत्ता असते हे ज्यांना सर्वांत आधी उमगलं ते राजेलोक होते, आणि त्यांनी ते चांदीवर ठोकून ठेवलं. म्हणून आज नाणं वाचायला शिकू या. एकदा नाणं वाचता आलं की करारनामा वाचणं अवघड नाही.

आधी नाणं बनतं कसं ते पाहू. चांदी आटवायची, तिच्या पट्ट्या किंवा गोळ्या करायच्या, वजन करून तुकडे पाडायचे, जास्तीचं कातरून टाकायचं. मग खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चांदीचा तुकडा, आणि वरून हातोड्याचा घाव. यालाच आपण नाणं 'पाडणं' म्हणतो. ठसा कोरणारा कारागीर अक्षरं उलटी कोरतो, तेव्हा ती नाण्यावर सुलटी येतात. नखाएवढ्या जागेत देव, घोडा, राजाचं नाव, टांकसाळीचं गाव, साल एवढं सगळं बसवायचं हे फार कसबाचं काम आहे. संग्रहालयात काचेपलीकडे ते पाहून आपण 'किती सुंदर' म्हणतो, आणि ते सुंदर असतंच. पण नाण्यावर नाव राजाचं असतं. ठसा कोरणाऱ्याचं, भट्टीपाशी बसणाऱ्याचं नाव कुठेही नसतं. नाण्याकडे पाहताना पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवायची.

दुसरी गोष्ट. तुकडा चांदीचाच, वजनही तेच. मग छाप कशाला? छाप म्हणजे हमी. 'हे शुद्ध आहे, हे माझ्या राज्यात चालेल' असं राजा सांगतो. आणि ज्याची हमी बाजारात चालते, त्याचं राज्य चालतं. वर्तमानपत्रं नव्हती, तेव्हा राजा बदलला ही बातमी गावोगावच्या बाजारात पोचवणारं साधन म्हणजे नाणं. मुसलमानी राजवटीत गादीवर कोण आहे हे दोन गोष्टींनी ठरायचं. जुम्म्याच्या नमाजाच्या खुतब्यात कुणाचं नाव घेतात आणि सिक्क्यावर कुणाचं नाव आहे. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, त्यावर नागरी अक्षरांत स्वतःचं नाव घातलं, ते याच कारणानं. चोहीकडे फारसी नाण्यांचा व्यवहार असताना नागरीत नाव घालणं हा जाहीरनामाच होता.

आपल्या बोलण्यातही नाणी भरलेली आहेत. एखादा माणूस 'खणखणीत नाणं' असतो, एखाद्याचं नाणं 'चालतं', एखादा 'खोटा रुपया' निघतो. आणि एक शब्द आपल्या विशेष परिचयाचा आहे, तो म्हणजे बट्टा. झिजलेलं किंवा परमुलखातलं नाणं सराफाकडे नेलं की तो बदलून देताना काही कापून घ्यायचा. त्या कापण्याला बट्टा म्हणतात. हाच शब्द आपण 'घराण्याच्या नावाला बट्टा लावू नकोस' म्हणून मुलींना ऐकवतो. मुलाला हे वाक्य क्वचितच ऐकावं लागतं. गंमत बघा. नाणं घराण्याचं, नाव बापाचं आणि नंतर नवऱ्याचं, आणि बट्ट्याची जबाबदारी तेवढी बाईची!

आता आपल्या पायाखालच्या जमिनीकडे येऊ. मुंबईचा इतिहास म्हटला की पोर्तुगीज आणि इंग्रज एवढंच आठवतं. पण त्यांच्या कितीतरी आधी, सुमारे नवव्या ते तेराव्या शतकात, ठाणे, साष्टी आणि मुंबईच्या या बेटांवर उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य होतं. ठाणे, सोपारा, चौल ही त्या काळातली भरभराटीची बंदरं. अल्-मसूदी हा अरब प्रवासी ९१६ च्या सुमारास चौलला येऊन गेला. आपल्याकडे चांदीच्या खाणी जवळजवळ नाहीतच. चांदी यायची ती समुद्रावरून, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. म्हणजे कोकणातल्या माणसाच्या हाती पडलेलं चांदीचं नाणं हे आधीच लांबचा प्रवास करून आलेलं असायचं.

शिलाहारांपैकी छित्तराज या राजाचा १०२६ सालचा ताम्रपट भांडुपला सापडला आहे. याच छित्तराजाची चांदीची नाणीही मिळाली आहेत. त्या प्रकारच्या नाण्याला 'गधैया' म्हणतात. लहान, जाड, ओबडधोबड. एका बाजूला काही रेषा आणि ठिपके, दुसऱ्या बाजूला आणखी रेषा आणि ठिपके. प्रथम पाहणारीला काहीच कळत नाही. त्यामागची कथा अशी. पाचव्या शतकात इराणात पेरोझ नावाचा सासानी राजा होता. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला मुकुट घातलेला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला अग्निकुंड. हूणांबरोबर ती नाणी हिंदुस्थानात आली आणि इथल्या राजांनी त्यांची नक्कल सुरू केली. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. पाचशे वर्षांत राजाचा चेहरा विरघळला. नाकाची रेघ झाली, डोळ्याचा ठिपका झाला, अग्निकुंडाच्या नुसत्या आडव्या रेघा उरल्या. छाप कशाची आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, तरी नाणं चालत होतं, कारण लोकांना त्या छापेची सवय झाली होती. आपल्या घरांतल्या कितीतरी रीती अशाच आहेत. कुणी, कशासाठी पाडल्या ते कुणाला सांगता येत नाही, पण चालतात. छित्तराजानं ती ओळखीची छाप तशीच ठेवली आणि तिच्याबरोबर स्वतःचं नाव घातलं. सत्ता अशीच चालते. जुनी सवय मोडायची नाही, तिच्यावर आपलं नाव चढवायचं.

शिलालेखांत त्या काळच्या नाण्याला 'द्रम्म' म्हणतात. ग्रीकांच्या द्राख्मापासून हा शब्द आला आणि त्याचाच पुढे 'दाम' झाला. हा द्रम्म आता आपल्याला थेट परळला घेऊन जातो. इथून चालत जाण्याच्या अंतरावर.

परळला एक शिलालेख सापडला आहे. इसवी सन ११८७ चा, शिलाहार राजा अपरादित्य याचा. साष्टीतल्या माहवली नावाच्या गावातल्या एका वाडीचं ठरलेलं उत्पन्न, २४ द्रम्म, देवाच्या पूजेसाठी दिल्याची त्यात नोंद आहे. म्हणजे साधा दानाचा कागद, फक्त दगडावरचा. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि मराठी येते. काय आहे त्या मराठीत? शाप. जो कुणी हे शासन मोडेल त्याच्या आईवर गाढव चढेल, असा. मी सौम्य शब्दांत सांगते आहे, दगडावर सौम्य शब्द नाहीत. आणि अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्रही कोरलं आहे. अशा दगडांना 'गधेगाळ' म्हणतात. कोकणात, गोव्यात, महाराष्ट्रात इतरत्रही ते सापडतात. सर्वसाधारणपणे वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत हे दान टिको. मध्ये लेख. आणि खाली गाढव आणि बाई.

काही अभ्यासक सांगतात की ती बाई म्हणजे भूमी, शाप असा की जमीन नापीक होईल. काही दगडांच्या बाबतीत तसं असेलही. पण परळच्या लेखात 'माय' स्पष्ट लिहिली आहे. आणि समजा ती भूमी असली, तरी भूमीची विटंबना दाखवायला शरीर बाईचंच घ्यावं लागलं ना?

जरा थांबून या दगडाचा हिशेब मांडू. दान देणारा राजा, पुरुष. वाडी ज्याच्या ताब्यात तो पुरुष. शासन मोडण्याची शक्यता ज्याच्याकडून, तोही पुरुष, कारण जमीन-महसुलाचा व्यवहार त्यांच्याच हाती. मग शिक्षा कुणाला? त्याच्या आईला. तिचं त्या वाडीत काही नाही, त्या २४ द्रम्मांवर काही नाही, तिचं नावही कुणाला ठाऊक नाही. राजाचं नाव चांदीवर, राजाचं नाव दगडावर, आणि बाई फक्त धमकीपुरती. धमकी मराठीत का, तर ती सगळ्यांना कळायला हवी म्हणून. आठशेहून अधिक वर्षं झाली. डिलाईल रोडच्या नाक्यावर दोन पुरुष भांडताना कान देऊन ऐका. भांडण पार्किंगचं असतं, शिव्या आईच्या आणि बहिणीच्या असतात. परळचा तो दगड अजून बोलतो आहे.

पण गोष्ट इथेच संपत नाही. काही बायकांची नावं चांदीवर चढली. थोड्या होत्या, पण होत्या. त्यांची नावं आपल्याला पाठ असायला हवीत.

पहिली आपल्या जवळची, आणि मध्ययुगाच्याही कितीतरी आधीची. सातवाहनांची राणी नागनिका. जुन्नरकडून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातल्या गुहेत तिचा मोठा लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गायी, घोडे आणि कार्षापण नाणी दक्षिणा दिली याची हजारांत यादी आहे. जुन्नर भागात मिळालेल्या एका चांदीच्या नाण्यावर सातकर्णी राजाच्या नावाबरोबर नागनिकेचंही नाव आहे. ज्या घाटातून व्यापाऱ्यांचे तांडे जायचे तिथे तिचा हिशेब, आणि त्यांच्या कनवटीच्या नाण्यावर तिचं नाव.

दुसरी सोमलदेवी. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात अजमेर वसवणाऱ्या अजयराज चौहानाची राणी. तिच्या नावाची चांदीची आणि तांब्याची नाणी आहेत, नुसती तिच्या नावाची. 'पृथ्वीराजविजय' या संस्कृत काव्यातही तिच्या नाणी पाडण्याचा उल्लेख आहे. म्हणजे ते लोकांच्या डोळ्यात भरलं होतं.

तिसरी रझिया. १२३६ ते १२४० दिल्लीच्या तख्तावर बसलेली. तिचा बाप इल्तुतमिश यानं सुमारे ११ ग्रॅम वजनाचा चांदीचा टंका रुळवला. बंगालमधल्या लखनौतीच्या टांकसाळीत पडलेला रझियाचा टंका आज संग्रहालयात आहे. त्यावर सुंदर अरबी अक्षरांत तिचे किताब आहेत आणि 'इल्तुतमिशची मुलगी' अशी ओळखही आहे. बगदादच्या खलिफाचं नाव आहे. राज्य तिचं, पण नाणं चालायला बापाचं आणि खलिफाचं नाव लागलं. त्या काळचा इतिहासकार मिन्हाज तिचे सगळे गुण मोजतो. शहाणी, न्यायी, फौज चालवणारी. आणि शेवटी म्हणतो, पण पुरुषाचा जन्म नाही, तर या गुणांचा काय उपयोग? मैत्रिणींनो, नोकरीच्या बढतीत, पक्षाच्या तिकिटवाटपात, संस्थेच्या कार्यकारिणीत हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. फक्त बोलणारे बदलतात.

चौथी नूरजहान. १६२४ ते १६२७ या काळात जहांगीरच्या नावाबरोबर तिचंही नाव असलेले रुपये आणि मोहरा पडल्या. आग्रा, लाहोर, पाटणा, अहमदाबाद, सुरत अशा टांकसाळींत. सुरतेचा रुपया म्हणजे आपल्या किनाऱ्यावर फिरणारं नाणं. राज्याचा कारभार ती चालवत होती हे सगळे जाणून होते. पण खुतबा तिच्या नावानं पढला गेला नाही. आणि १६२७ साली जहांगीर गेला, तशी तिची नाणीही थांबली. पुढची अठरा वर्षं ती जगली, पण चांदीवर पुन्हा तिचं नाव आलं नाही.

या चौघींकडे एकत्र पाहिलं तर काय दिसतं? तिघी बायको म्हणून नाण्यावर आल्या, एक मुलगी म्हणून. कुणी नवऱ्याच्या हयातीपुरती, कुणी बापाच्या पुण्याईवर. आणि सगळ्या राजघराण्यांतल्या. ज्या बाईनं भट्टीसाठी लाकूड वाहिलं तिचं नाव कुठेच नाही. तेव्हा या राण्यांची नावं अभिमानानं घेऊ, पण त्यांच्यावर भाळून जाऊ नये.

आता नाण्यातली खरी मेख सांगते. नाणं नेहमी खरं बोलत नाही. नाव एकाचं आणि सत्ता दुसऱ्याची असं सर्रास व्हायचं. पेशवाईतले चांदीचे रुपये घ्या. चांदवडचा चांदोरी रुपया, पुण्याचा अंकुशी रुपया. पाडणारे मराठे, पण त्यांवर फारसीत नाव दिल्लीच्या मोगल बादशहाचं! दिल्लीत बादशहाला स्वतःच्या किल्ल्याबाहेर फारसं कुणी विचारत नव्हतं, तरी त्याच्या नावाचं नाणं बाजारात चालायचं म्हणून मराठ्यांनी ते वापरलं. मुंबईत इंग्रज कंपनीनं तेच केलं. १७१७ साली फर्रुखसियर बादशहाकडून सनद मिळवली आणि मुंबईच्या टांकसाळीत मोगल बादशहांच्या नावाचे रुपये पाडले. म्हणजे बादशहाकडे नाव होतं, सत्ता नव्हती.

अहिल्याबाई होळकरांचं उलट होतं. १७६७ ते १७९५ त्यांनी कारभार केला. मल्हारनगर आणि महेश्वरच्या त्यांच्या चांदीच्या रुपयांवर नाव शाहआलम बादशहाचं आहे. स्वतःचं नाव त्यांनी घातलं नाही. पण नाण्यावर शिवलिंग आणि बेलाचं पान आहे. फारसी न वाचता येणाऱ्या शेतकऱ्याला, बाजारातल्या बाईला बेलाचं पान वाचता येत होतं. कुणाचं राज्य आहे ते तिला कळत होतं. म्हणजे इथे सत्ता आहे, नाव नाही.

आणि तिसरा प्रकार आपल्या घराघरांत होता. हा मी आणलेला राणीछाप रुपया. हातोहात पुढे द्या, जपून. १८४० पासून व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आपल्या रुपयांवर आला आणि तिच्या मृत्यूपर्यंत, १९०१ पर्यंत, राहिला. वजन बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. रझियाच्या बापाचा टंका आणि शेरशहाचा रुपया यांचाच हा वंशज. चेहरा बाईचा, केसांची वेणी, नक्षीचा झगा, कोरीव काम अतिशय नाजूक. साठ वर्षं हिंदुस्थानातल्या प्रत्येक व्यवहारात एका बाईचा चेहरा होता. त्यानं इथल्या बायकांचं काय भलं झालं? त्या काळात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. बायका वाइंडिंग खात्यात लागल्या. त्यांचा पगार पुरुषांहून कमी, आणि तो मिळायचा राणीच्या चेहऱ्याच्याच नाण्यांत. वर चेहरा बाईचा असला म्हणजे सत्ता बाईच्या बाजूची असते असं नव्हे, हे राणीछाप रुपया आपल्याला शिकवतो. आज निवडणुकीच्या फलकांवर बायकांचे चेहरे बघताना हे लक्षात असू द्यावं.

आता आपल्या रस्त्यावर या. डिलाईल रोड, कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले कामगार इथल्या चाळींत दाटीवाटीनं राहायचे आणि खानावळीत जेवायचे. खानावळ चालवायची बाई. पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक, पहाटेपासून रात्रीपर्यंत. पगार झाला की पैसे मिळणार, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. अंगावरचं किडूकमिडूक कायम गहाण. माझ्या सासूबाई त्यांतल्याच एक. खानावळीच्या कमाईतून एकेक करत त्यांनी अकरा राणीछाप रुपये जमवले होते आणि माळेत ओवले होते. सोनं परवडत नव्हतं, चांदी परवडत होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. खानावळीत जेवणारेच गावी गेले तर खानावळ कसली! सहा महिन्यांत माळ गहाण पडली. ठेवायला गेले सासरे, म्हणून पावती सासऱ्यांच्या नावाची. तीन वर्षांनी ते वारले. सासूबाईंनी पै-पै जमवून मुद्दल आणि व्याज पदरात बांधलं आणि त्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, पावतीवर तुमचं नाव नाही, सगळ्या मुलांच्या सह्या आणा. एक दीर गावी, एक बोलत नव्हता. सह्या जमेपर्यंत मुदत टळली होती. माळ गेली.

त्या माळेतला प्रत्येक रुपया बाईनं कमावलेला, बाईचाच चेहरा असलेला. आणि एका चिठोऱ्यावर नाव नव्हतं म्हणून तो तिचा नव्हता.

याच भागात याच्या उलटही घडलं आहे, तेही सांगायला हवं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी इथल्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज बाईच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिलं. ज्या बायकांना अंगठा उठवणंच माहीत होतं त्या सही शिकल्या. कर्ज म्हणजे ओझं, हे खरं. पण बँकेच्या वहीत तिचं नाव आलं, फेडीची नोंद तिच्या नावावर झाली, आणि पुढचं कर्ज मागायला ती स्वतःच्या पतीवर उभी राहिली. मी याला टांकसाळ म्हणते. स्वतःच्या नावाचं नाणं पाडणं म्हणजे हेच.

त्यानंतर बरंच झालं. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून बायकोच्या नावावर जमीन करायला गावोगावच्या शेतकऱ्यांना लावलं. १९९४ साली महाराष्ट्रानं कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क दिला. २००५ साली तो देशभर झाला. २०२१ पासून राज्यात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव लागतं. परळच्या दगडावरच्या त्या बिनानावाच्या आईपासून इथवर यायला आठ शतकं लागली, आणि ते कुणी आपण होऊन दिलेलं नाही. आपल्यासारख्या बायकांनी रस्त्यावर येऊन ते मिळवलं आहे.

पण नाण्यांनी शिकवलेलं विसरू नका. एक टक्का वाचावा म्हणून घर बायकोच्या नावावर होतं, आणि किल्ली, कर्जाचे कागद, विकण्याचा निर्णय सगळं नवऱ्याकडे. ती शाहआलम बादशहाच झाली, नाव आहे, राज्य नाही. सरपंचबाईच्या खुर्चीवर सही तिची आणि कारभार त्याचा, हेही तेच. उलट घरचा सगळा गाडा ओढणारी, पण एकाही कागदावर नसलेली बाई आपल्या प्रत्येक चाळीत आहे. तिच्याकडे अहिल्याबाईंच्या रुपयावरचं बेलाचं पानही नाही. मुलीचा हक्क कायद्यात आहे, पण 'भावाशी वाकडं नको' म्हणून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. तिथे तर नाव लिहून घेतात ते पुसण्यासाठी. म्हणून आपली मागणी अर्धी असू नये. नाव हवं आणि टांकसाळही हवी. कागदावर नाव, आणि त्या कागदाचा व्यवहार आपल्या हातात. एक मिळालं की दुसरं आपोआप येईल या भ्रमात राहू नका.

आता कामाचं बोलते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातले कागद काढून एक यादी करून आणायची. खोलीची भाडेपावती किंवा करारनामा, पुनर्विकासाचा पात्रतेचा कागद, बँकेचं पासबुक, विमा, गावच्या जमिनीचा सातबारा, गॅसचं पुस्तक, गहाणवटीची पावती असेल तर ती. प्रत्येकापुढे तीन रकाने. नाव कुणाचं? कागद कुणाच्या ताब्यात? आपल्या सहीशिवाय तो व्यवहार होऊ शकतो का? ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलीला जवळ बसवून करून घ्यावं, म्हणजे मुलीलाही कळेल. ज्यांना घरात कागद मागितल्यावर भांडण होईल अशी भीती वाटते त्यांनी एकटीनं मागू नये. आधी गटात सांगावं, दोघी-तिघी मिळून जाऊ. पुनर्विकासाच्या करारनाम्यावर सही करण्याआधी नवरा-बायको दोघांचं नाव आलं आहे का ते पाहायचं, नसेल तर आपल्या वकील मैत्रिणीला दाखवायचं. सही झाल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही, हे अकरा रुपयांच्या माळेनं शिकवलं आहे.

तो राणीछाप रुपया फिरून परत आला का? शेवटच्या रांगेत कुणी पाहिला नसेल तर पाहून घ्या. मग यादीचे कोरे कागद वाटायला सुरुवात करू.